मोतीचें दुखणें

आजारी माणूस वैद्याकडे गेला म्हणजे निम्में काम त्याची जीभच करिते. कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, काय खाल्लें, झोंप लागली कीं नाहीं, हें सर्व तो आपल्या तोंडानें सांगतो, आणि तो सांगत असतांनाच वैद्याला रोगाचा माग लागतो. तान्ह्या मुलाला बोलतां येत नाहीं. परंतु त्याच्या वतीनें त्याची आई बोलते. मुक्या जनावराच्या वतीनें बोलणारा मात्र, दुखणें आलें त्या घटकेस जो जवळ असेल तोच. तो भयानें पळाला, किंवा त्यानें डोळ्यांनीं पाहिलें एक आणि भीतीच्या भरांत सांगितलें दुसरेंच, तर त्या जिवाची बाजू मांडावयास कोणी उरत नाहीं. भूतदयेवर निबंध लिहविणें शिक्षकास सोपें असतें. ती दया प्रत्यक्षांत आणावयाची म्हणजे काय काय करावें लागतें, हें गेल्या जानेवारी महिन्यांत आमच्या वसतिगृहांतील मोतीच्या दुखण्यानें आम्हां सर्वांस शिकविलें. ती हकीकत विद्यार्थिमित्रांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहें.

मोती हा कोणा उंची जातीचा कुत्रा नव्हे. १३ वर्षांपूर्वीं ऐन पावसाळ्यांत स्वयंपाकघराच्या वळचणीखालीं कुडकुडत बसलेलें एक गांवठी पिलूं मुलांना सांपडलें. कपाळावरील पांढऱ्या ठिपक्यावरून त्याचें नांव मोती ठेवण्यांत आलें, व तेव्हांपासून तो येथलाच झाला. रात्रीं पहारेकरी तात्यांबरोबर आवाराची फेरी घालावी, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं दाराशीं पाय पसरून पडावें, आणि सुटींत घरीं जाणाऱ्या मुलांना एस. टी.च्या थांब्यापर्यंत पोहोंचवून परत यावें, हा त्याचा नेम. शाळा सोडून गेलेलीं मुलें निरोप पाठवितांना गुरुजनांच्या बरोबरीनें मोतीचीही विचारपूस करितात. त्याला दरवर्षीं पिसाळरोगाची लस टोंचण्यांत येते, व तिची नोंद असलेलें कार्ड कार्यालयाच्या कपाटांत जपून ठेविलेलें असतें. या कार्डाचें मोल पुढें आम्हांस चांगलेंच कळून आलें.

स्नेहसंमेलन आटोपल्यानंतरच्या सोमवारीं पहाटे तात्यांची हांक ऐकून आम्ही व्हरांड्यांत आलों. मोती उभा राहण्याची धडपड करीत होता, व प्रत्येक वेळीं डाव्या अंगावर कोसळत होता. त्याची मान डावीकडे वांकडी झाली होती. कसाबसा उठला तर डावीकडेच गोल गोल फिरे आणि भिंतीवर आदळे. तोंडांतून लाळ गळत होती, दोन वेळां वांति झाली होती, आणि सर्वांत भयंकर म्हणजे त्याचे डोळे एका ठिकाणीं ठरत नव्हते. ते एकसारखे इकडून तिकडे हालत होते. इयत्ता ५ वीतील एक मुलगा रडत पुढें धांवला व त्यानें मोतीला सांवरण्याकरितां हात घातला. पडतां पडतां घाबरलेल्या मोतीनें तोंड फिरविलें. त्याचा दांत मुलाच्या तळहाताला लागला, आणि रक्ताचे दोन थेंब फरशीवर पडले. त्याबरोबर कोणी तरी ओरडलें, "पिसाळला! मोती पिसाळला!"

हा शब्द किती वेगानें पसरतो, हें ज्यानें अनुभविलें असेल त्यालाच ठाऊक. आणि त्या भयाला आधार नाहीं असेंही कोणी म्हणूं नये. पिसाळरोगाचीं लक्षणें माणसांत एकदां उमटलीं म्हणजे त्यांतून वांचणें जवळ जवळ अशक्य असतें. त्या घटकेस आमच्यापुढें दोन जीव होते, व पहिला अर्थातच मुलाचा. त्याचा हात वाहत्या नळाखालीं धरून साबणानें पुरीं १५ मिनिटें धुतला. कोणी हळद आणली, कोणी चुना सुचविला. त्यांतलें कांहीं एक लावूं दिलें नाहीं. वसतिगृहाचे अधीक्षक त्याला घेऊन तत्काळ सरकारी रुग्णालयांत गेले. तेथें त्याला लसीचा पहिला डोस, व रक्त आलें होतें म्हणून जखमेभोंवतीं प्रतिपिंडांचें इंजेक्शन, देण्यांत आलें. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिस येथें लुई पाश्चर यांनीं जोसेफ मायस्टर या ९ वर्षांच्या मुलाला आपली लस देण्यास आरंभ केला, व तो मुलगा वांचला. आजची लस त्या लसीहून पुष्कळ सुधारलेली आहे. पण ती वेळेवर घेतली पाहिजे, हा नियम तेव्हां होता तोच आहे.

इकडे आवारांत गर्दी जमली. कुत्र्याला आतांच्या आतां संपवा, असा एकच सूर निघाला. त्या मुलाचे वडील फोनवर तेंच म्हणाले, आणि बापाच्या तोंडीं तें स्वाभाविकच होतें. परंतु माझ्या मनाला लागलें तें तात्यांचें बोलणें. हातांतील काठी जमिनीला टेकून ते म्हणाले, "सर, लेकरांपेक्षा कुत्रं मोठं नाही. दुसऱ्या कुणी मारण्यापरीस मीच मारतो. माझ्या हातानं गेला तर त्याला भ्या तरी वाटायचं नाही." १३ वर्षें ज्याच्या सोबतीनें त्यांनीं रात्रीचा अंधार तुडविला, त्याच्याविषयीं ते बोलत होते.

त्यांना काय उत्तर द्यावें हें मला सुचेना, तोंच रुग्णालयांतून अधीक्षकांचा फोन आला. डॉक्टरांचा निरोप स्पष्ट होता: कुत्र्याला मारूं नका, कोंडून ठेवा, आणि १० दिवस नजरेखालीं ठेवा. याचें कारण असें कीं, ज्या कुत्र्याच्या लाळेंत पिसाळरोगाचे विषाणु उतरले आहेत, तो सहसा १० दिवसांच्या आंत मरतो. दहाव्या दिवशीं तो जिवंत असला, तर दांत लागला त्या वेळीं त्याच्या लाळेंत विषाणु नव्हते असें मानतां येतें. मारून टाकिला तर ही साक्ष बुडाली. मग प्रयोगशाळेंत मेंदू तपासण्यावांचून खात्रीचा मार्ग राहत नाहीं. मुलाची काळजी वाहणें आणि मोतीला जगविणें या दोन वेगळ्या वाटा आहेत असें सर्वांना वाटत होतें. ती एकच वाट निघाली. तात्यांनीं काठी उचलून कोपऱ्यांत ठेविली.

स्वयंपाकघरांतील मावशींनीं आपल्या परीनें परीक्षा घेतली. त्यांनीं लांबूनच पाण्याचें भांडें सरकविलें, आणि मोतीनें वांकड्या मानेनें, निम्में सांडीत, पाणी प्यालें. "बघा सर, पाणी पितोय, हा पिसाळलेला नव्हे," असें म्हणून त्यांनीं पदरानें डोळे पुसले. त्यांचें म्हणणें खरें ठरावें असें मलाही मनापासून वाटत होतें. परंतु तो पुरावा धरतां येत नव्हता. पाण्याचें भय हें पिसाळरोग झालेल्या माणसाचें लक्षण आहे. कुत्र्यांत तसें भय दिसत नाहीं. पिसाळलेला कुत्रा पाण्याजवळ जातोही. घसा लुळा पडला असला म्हणजे त्याला गिळतां येत नाहीं, एवढेंच. आवाज बदलणें, जबडा लोंबणें, कारण नसतां चावत सुटणें, किंवा उलट अंधाऱ्या कोपऱ्यांत दडून बसणें, हीं चिन्हें पाहावयाचीं असतात. लाळेखेरीज यांतलें कांहीं मोतीमध्यें दिसत नव्हतें; हांक मारिली कीं तो शेपूट हालवी. तरी पण आशेला पुरावा समजणें बरें नव्हे. त्याला पशुवैद्याला दाखविणें अवश्य होतें.

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यांतील डॉक्टर त्या दिवशीं लाळ्या-खुरकुताची लस टोंचण्याकरितां खेड्यांत गेले होते. आमच्या मुलखांत गाय, म्हैस, शेळी यांवर कित्येक घरांचा संसार चालतो. तेव्हां तें काम टाकून त्यांनीं यावें असें म्हणणें बरोबर झालें नसतें. परंतु त्या सद्गृहस्थांनीं कोणाच्या तरी गोठ्यांत उभें राहूनच फोनवर आमची विचारपूस केली. त्यांचे प्रश्न मुलांनीं लिहून घेतले, ते असे: दुखणें एकाएकीं आलें कीं हळूहळू वाढत गेलें? शुद्ध हरपली होती काय? हातपाय ताठ होऊन झटके आले काय? मान कोणत्या बाजूस कलते? डोळे आडवे हालतात कीं वर-खालीं? कान वाहत होता काय? अंगावर गोचीड आहेत काय? उंदराचें औषध किंवा शेतांतील फवारणीचें औषध पोटांत जाण्याचा संभव आहे काय? माणसांची एखादी गोळी दिली काय? पिसाळरोगाची लस केव्हां टोंचली? यांतील प्रत्येक प्रश्नाचें उत्तर कोणाला ना कोणाला ठाऊक होतें. सर्व उत्तरें मात्र एकट्या कोणालाच ठाऊक नव्हतीं. इयत्ता १० वीच्या मुलांनीं तीं गोळा करून वेळेसह एका वहींत उतरविलीं, आणि एकानें दूर उभें राहून मोतीच्या डोळ्यांची व चालण्याची मोबाइलवर चित्रफीत घेतली. ती पाहून डॉक्टर म्हणाले, "हें पिसाळण्यापेक्षां तोल जाण्याचें दुखणें दिसतें. पण चित्र पाहून निदान करावयाचें नसतें. शिरवळला घेऊन जा."

शिरवळ येथें क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नांवाचें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जनावरांच्या वैद्यकाची पहिली शाळा फ्रान्स देशांत ल्यों शहरीं १७६१ सालीं स्थापन झाली. आपल्या मुंबईस परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. अशा ठिकाणीं गुराढोरांप्रमाणें कुत्र्यामांजरांचीही तपासणी होते, हें आमच्या गांवांत थोड्यांसच माहीत होतें. मोतीला वांति होत असल्यामुळें त्याचें तोंड बांधणें धोक्याचें होतें. वांति श्वासनळींत जाऊन तो गुदमरला असता. म्हणून जुन्या मोठ्या खुराड्यांत गोणपाट अंथरून त्यावर त्याला निजविलें, व जाड हातमोजे घालून तात्या शेजारीं बसले. खंबाटकी ओलांडतांना गाडी वळली कीं मोती नखांनीं गोणपाट घट्ट धरी. जमीनच उलथत आहे असें त्याला वाटत असावें, असें तात्या म्हणाले. आणि तें अगदीं खरें होतें.

तेथील डॉक्टरबाईंनीं अगोदर वही वाचली, मग चित्रफीत पाहिली, लसीचें कार्ड पाहिलें, आणि नंतर हातमोजे चढवून मोतीला हात लाविला. त्याच्या डोळ्यासमोर एकदम तळहात नेला; त्यानें पापणी मिटली. बुबुळावर उजेड टाकिला. बाहुली लहान झाली. दोन्ही कान दिवा लावून आंतून पाहिले. ते स्वच्छ होते. डोळे आडवेच हालत होते. डावीकडे सावकाश सरकत व उजवीकडे झटक्यानें परतत. यानंतर त्यांनीं जी परीक्षा केली ती पाहण्यास अगदीं साधी होती. मोतीला दोन्ही बाजूंनीं आधार देऊन उभें केलें, व त्याचें एकेक पाऊल उचलून पंजाची वरची बाजू जमिनीला लागेल असें उलटें टेकविलें. मोतीनें चारी वेळां पाऊल तत्क्षणीं सरळ करून घेतलें. पाऊल उलटें पडलें आहे ही वार्ता मेंदूपर्यंत जाते व तेथून हुकूम परत येतो. मेंदूच्या देंठांत बिघाड असला तर या जाण्यायेण्यांत बहुधा विलंब लागतो. रक्त काढून गोचीड-तापाची व साखरेची तपासणी झाली. तींतही दोष आढळला नाहीं.

"मेंदू शाबूत दिसतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बिघाड आहे तो आंतल्या कानांतील तोल सांभाळणाऱ्या भागांत, डाव्या बाजूला. म्हाताऱ्या कुत्र्यांना हें असें एकाएकीं होतें. कारण सांपडत नाहीं, पण बहुतेक कुत्रे दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुधारतात. १० दिवसांची नजर मात्र ठेवाच. आणि सुस्ती वाढली, पाय लुळे पडले, किंवा तीन-चार दिवसांत उतार दिसला नाहीं, तर परत आणा."

तात्यांनीं विचारिलें, "म्हणजे बाई, नुसती चक्कर?"

"चक्करच, पण तुम्हांआम्हांला कधीं आली नसेल एवढी मोठी."

तात्या बाहेर जाऊन बराच वेळ गाडीच्या आड उभे राहिले.

ही चक्कर कशी येते तें समजून घेण्यासारखें आहे. फुगडी घालून मुली एकदम थांबल्या म्हणजे जमीन फिरतांना दिसते. आपल्या आंतल्या कानांत, एकमेकींशीं काटकोन करून बसविलेल्या, तीन अर्धवर्तुळाकृति नलिका असतात व त्यांत एक द्रव असतो. डोकें वळलें कीं द्रव क्षणभर मागें रेंगाळतो, केंसासारखे सूक्ष्म तंतु वांकतात, आणि ती वार्ता मज्जातंतूवाटे मेंदूला पोहोंचते. फुगडी थांबली तरी द्रव थोडा वेळ फिरतच राहतो. शरीर स्थिर असून मेंदूला फिरण्याची वार्ता मिळते, आणि डोळे त्या खोट्या वार्तेमागें धांवूं लागतात. दोन्ही कानांच्या वार्ता जुळल्या म्हणजे तोल राहतो. मोतीचा डावा कान या कामापुरता मुका झाला होता व उजवा एकटाच बोलत होता. म्हणून स्वस्थ पडून असतांही आपण गरगर फिरत आहों असें त्याला वाटे. व्हिएन्ना येथील डॉक्टर रॉबर्ट बाराणी यांनीं रोग्यांच्या कानांत थंड व ऊन पाणी सोडलें असतां डोळे कोणत्या दिशेस हालतात याचा बारकाईनें अभ्यास केला, आणि तोल सांभाळणाऱ्या या इंद्रियावरील कामाबद्दल त्यांना १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें जाहीर झालें तेव्हां ते महायुद्धांत पकडले जाऊन रशियाच्या कैदेंत होते.

रोग बरा करणारें औषध नव्हतें. वांति थांबविण्याचें औषध होतें, आणि बाकी सारी शुश्रूषा. कोठाराजवळच्या खोलींत भिंतींना जुन्या गाद्या लावून मोतीला ठेविलें. तात्या व मी, दोघेच हातमोजे घालून आंत जात असूं. डोकें हातावर तोलून धरून त्याला मऊ भात व पाणी द्यावें, कूस बदलावी, धरून अंगणांत न्यावें, असा क्रम चालला. मुलांना दाराच्या जाळींतूनच पाहण्याची परवानगी होती. त्यांनीं वही चालूं ठेविली.

दुसऱ्या दिवशीं सायंप्रार्थनेंत, हाताला पट्टी बांधलेल्या त्या ५ वीच्या मुलानेंच मोतीसाठीं प्रार्थना केली. नंतर एका मोठ्या मुलानें मला विचारिलें, "सर, कुत्र्यासाठी प्रार्थना चालते का?" मी त्याला योनाचें पुस्तक शेवटपर्यंत वाचावयास सांगितलें. निनवे नगरीची देवाला करुणा आली तेव्हां तेथील माणसांबरोबर त्यानें गुरेंढोरेंही विचारांत घेतलीं. आणि आपल्या महाराष्ट्रांत तर, कुत्र्यानें पळविलेली पोळी कोरडी राहूं नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्यामागें धांवणाऱ्या नामदेवांची गोष्ट लहान पोरालाही पाठ आहे. यावर तो मुलगा म्हणाला, "आज नामदेव असते तर त्यांनी त्याला लसही टोचून आणली असती, सर." सर्व मुलें हंसलीं, व त्या दोन दिवसांत प्रथमच मीही हंसलों.

मुलाचे वडील रोज सकाळीं फोन करीत. त्यांचा पहिला प्रश्न मुलाविषयीं नसे, "कुत्रं जिवंत आहे ना, सर?" असें ते विचारीत. ज्या जनावराला मारा म्हणून त्यांनीं सांगितलें होतें, त्याच्या प्रत्येक दिवसाच्या आयुष्यावर आतां त्यांच्या मुलाविषयींची आशा टांगली होती. तिसऱ्या दिवशीं मोतीचे डोळे स्थिर झाले. पांचव्या दिवशीं तो भिंतीला टेकून उभा राहिला. आठव्या दिवशीं त्यानें आपल्या पायांनीं दारापर्यंत येऊन मावशींच्या हाकेला भुंकून उत्तर दिलें. दहावा दिवस उलटला त्या सकाळीं वडील स्वतः आले व जाळीबाहेर उभे राहून मोतीकडे पाहत राहिले. मग तात्यांना म्हणाले, "पहिल्या दिवशी मी काहीबाही बोललो." तात्या म्हणाले, "मीबी बोललो होतो." एवढ्यावर तो विषय संपला. मुलाच्या लसीचें पुढचें वेळापत्रक डॉक्टरांनीं ठरविलें व तें आम्हीं काटेकोर पाळलें.

मोती आतां पुन्हां रात्रीची फेरी घालतो. त्याची मान थोडी डावीकडे कललेली राहिली आहे, व वळणावर तो डावीकडे झोक खातो. म्हणून तात्या हल्लीं त्याच्या डाव्या बाजूनें चालतात.

सर्वच दुखण्यांचा शेवट असा होत नाहीं. मज्जासंस्थेचे रोग अनेक आहेत. फेफऱ्यांत कुत्रा शुद्ध हरपून झटके देऊं लागतो. अशा वेळीं त्याच्या तोंडांत हात किंवा चमचा घालूं नये, भोंवतालच्या वस्तू दूर कराव्या व घड्याळ पाहावें. झटका ५ मिनिटांपेक्षां अधिक टिकला किंवा एकामागून एक येऊं लागले, तर क्षणाचाही विलंब न करितां दवाखाना गांठावा. पिलांना डिस्टेंपर झाला म्हणजे ताप, डोळ्यानाकांतून घाण, व कधीं कधीं पुढें स्नायूंचें एकसारखें फडफडणें सुरू होतें. त्यावर खात्रीचें औषध नाहीं, पण अगोदर टोंचण्याची लस आहे. आपल्या घरांतील वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊं नयेत; त्यांतील कित्येक त्याला विषासमान आहेत. आणि कुत्रा ओळखीचा असो वा नसो, त्याचा दांत लागला कीं साबण, वाहतें पाणी, आणि रुग्णालय, हा क्रम कधीं चुकवूं नये.

त्या सोमवारीं आमच्या आवारांत मोतीवर प्रेम करणारे पुष्कळ होते, आणि तरीही प्रेम करणाऱ्याच हातांत काठी आली होती. ती खालीं ठेवविली कोणत्या उपदेशानें नव्हे. रुग्णालयांतील डॉक्टरांच्या एका वाक्यानें, मुलांच्या वहीनें, आणि कपाटांतल्या एका कार्डानें. विद्यार्थिमित्रहो, दया मनांत असणें हा देवाचा प्रसाद आहे. परंतु घाबरलेल्या मनांत ती टिकावी यासाठीं कांहीं गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, व त्या आधींच शिकून ठेवाव्या लागतात. आपल्या घरच्या किंवा गल्लींतल्या जनावराला लस टोंचली आहे कीं नाहीं, आणि जवळचा पशुवैद्य कोठें मिळतो, एवढी चौकशी जरी हा अंक हातावेगळा करण्यापूर्वीं तुमच्यापैकीं कांहींनीं केली, तरी ही हकीकत लिहिल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.